रताळ्याची किनाऱ्यावरची बहीण आणि तिचा शेजार

मृगाचा पाऊस लागला की बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत आणि खानापूर तालुक्यात वरंब्यावर रताळ्याचे वेल लावायला घेतात. वीत-दीड वीत लांबीचा तुकडा, दोन-तीन गाठी मातीत, शेंडा वर. हे काम ज्याच्या हाताला ठाऊक आहे, त्याला समुद्रकिनाऱ्यावरची सगळ्यात महत्त्वाची वनस्पती अर्धीअधिक ठाऊकच आहे. मर्यादवेल ही रताळ्याची सख्खी बहीण. दोघींची प्रजाती एकच, आयपोमिया. तळ्याकाठी माजणारं बेशरमही त्यातलंच. तोडलं की पांढरा चीक, प्रत्येक गाठीतून मुळं फोडायची सवय आणि नरसाळ्यासारखं फूल या तिन्ही गोष्टी घराण्याच्याच. फरक एवढाच की मर्यादवेल जमिनीत गड्डे धरत नाही आणि ती खायची नाही.

आपल्याकडून समुद्राला जायच्या वाटा ठरलेल्या आहेत. आंबोली उतरून शिरोडा-वेंगुर्ला, चोर्ला उतरून केरी-मोरजी, नाहीतर रामनगरवरून कारवार आणि माजाळी. वाट कोणतीही असो, गाडीतून उतरल्यावर पाण्याकडे धावताना सगळे ज्या हिरव्या पट्ट्यावरून पाय टाकत जातात, त्या पट्ट्याबद्दल हे लिहितो आहे. शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी तर तो आधी बघावा आणि पाणी नंतर.

आधी भरतीची रेषा शोधावी लागते, आणि ती एक नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती वर चढते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती कमी येते. गोवा-कारवार भागात उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन मीटरचा असतो. किनारा उतरता असल्यामुळे उभ्या दोन मीटरांची आडवी वाळू बरीच होते. वेळ काढायची कोकणातली जुनी रीत अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबईकडे हे बरंच जुळतं, खाली गोवा-कारवारला भरती थोडी आधी येते. सहल पूर्ण भरतीनंतर तीन-चार तासांनी किनाऱ्यावर पोहोचेल अशी आखा, म्हणजे ओली वाळूही दिसेल आणि कोरडीही.

वाळूवर काडीकचऱ्याच्या दोन-तीन समांतर रेघा दिसतात. सगळ्यात खालची, अजून ओलसर, ती कालच्या-आजच्या भरतीची. तिच्या वरची कोरडी, ती गेल्या उधाणाची. आणि सगळ्यात वर, जिथे मोठे ओंडके, नारळाचे चूड, फाटक्या जाळ्या अर्धवट गाडलेल्या असतात, ती गेल्या पावसाळ्यातल्या मोठ्या लाटांची. झाडं उगवतात ती मधल्या आणि वरच्या रेघेच्या दरम्यान आणि तिथून पुढे आत. मधल्या रेघेच्या खाली काही टिकत नाही. कुठे हिरवा पट्टा अचानक कापल्यासारखा संपला असेल आणि खाली वाळूची उभी कड असेल, तर ती पावसाळ्यात लाटांनी तोडलेली सीमा आहे. जून ते सप्टेंबर समुद्र वाळू ओढून नेतो, ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत ती हळूहळू परत आणून टाकतो. झाडांचं सगळं वेळापत्रक या देवघेवीवर बसलेलं आहे.

त्या रेघांमध्ये काय सापडतं ते निवांत बघण्यासारखं असतं. नद्यांनी आणलेली जलपर्णी, खाडीतल्या कांदळवनाची हिरव्या शेंगेसारखी दिसणारी रोपं, औषधाच्या दुकानात समुद्रफेस म्हणून विकतात ती माकूल-जातीच्या प्राण्याची पांढरी पाठ. कधी गारंबीची चपटी, तपकिरी, दोन-अडीच इंचाची बी. गारंबी हा सह्याद्रीच्या दाट जंगलातला महावेल, खानापूर-भीमगडकडच्या रानातलाही. म्हादई तिथेच उगम पावते, गोव्यात मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते, त्यामुळे आपल्या रानातली बी गोव्याच्या किनाऱ्यावर लागणं यात नवल नाही. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा मात्र पाठ फिरवून पूर्वेला जाते. सागरगोटेही याच रेघेत मिळतात. मुली ज्यांनी खेळतात ते राखाडी, गुळगुळीत गोटे म्हणजे गजग्याच्या काटेरी झुडपाची बी. आत पोकळी राहते म्हणून ती पाण्यावर तरंगते आणि कवच इतकं कठीण की खारं पाणी आत शिरत नाही. नावातला सागर उगीच आलेला नाही.

आता या काडीकचऱ्याचं काम. उघड्या वाळूत खत जवळजवळ नसतंच. पाऊस पडला की जे असेल ते धुऊन खाली जातं. कुजणारं शेवाळ, पानं, मेलेले खेकडे-मासे हेच तिथलं शेणखत. शिवाय काडीकचऱ्याखाली वाळू ओली राहते आणि वाऱ्याने सरकणारे कण त्याला अडून बसतात. ताशी वीसेक किलोमीटरच्या वाऱ्यात कोरडी बारीक वाळू उड्या घेत चालायला लागते. वाटेत वीतभर उंचीचा अडथळा आला तरी त्याच्या मागे वाऱ्याचा जोर मोडतो आणि वाळू तिथे पडते. त्या पडलेल्या वाळूत बी रुजतं, रोप वाढतं, रोपामुळे आणखी वाळू अडते. वाळूची टेकडी अशी जन्माला येते, अगदी गुडघाभर उंचीची का असेना. म्हणून यंत्राने किंवा ट्रॅक्टरला फळी बांधून किनारा साफ करणं मला मुळीच पटत नाही. प्लास्टिक, काच, नायलॉनची दोरी हातांनी वेचा. लाकूड, शेवाळ, पानं, नारळाची सोडणं जिथल्या तिथे राहू द्या. आणि वेचलेला कचरा तिथेच पेटवू नका, कारण त्या आगीत पुढच्या वर्षीचं बी जळतं.

रेघेच्या वर पहिला मान मर्यादवेलीचा. पान आपट्यासारखं दोन पाळ्यांचं, जाड, तुकतुकीत. लॅटिन नावातल्या पेस-कॅप्रीचा अर्थ बकरीचा खूर. समुद्राची मर्यादा दाखवते म्हणून मर्यादवेल, आणि हे नाव मला लॅटिनपेक्षा नेमकं वाटतं. फुलं जांभळट गुलाबी, सकाळी उमलतात आणि दुपार कलेपर्यंत मिटून जातात, त्यामुळे फुलांचे फोटो हवे असतील तर दहाच्या आत पोहोचा. एकेक धावती फांदी दहा-पंधरा मीटर सहज जाते. गाठीगाठीला मुळं, त्यांतली काही खोल ओलाव्यापर्यंत उतरणारी. भर दुपारी वरची वाळू पाय ठेववत नाही इतकी तापते तेव्हा पानं मधल्या शिरेवर घडी घालून उभी राहतात, म्हणजे ऊन पानाच्या पाठीवर आडवं बसत नाही. वाळू अंगावर पडली तर वेल मरत नाही, उलट गाडलेल्या गाठींतून नवी मुळं आणि नवे शेंडे येतात. थोडं गाडलं जाणं हीच तिची खुराक आहे. जिथे वाळू येणं थांबतं तिथे ती थकते आणि मागच्या झाडांना जागा देते.

तिच्याच रांगेत, बऱ्याचदा तिच्याही पुढे, स्पिनिफेक्स गवत असतं. त्याला रावणाच्या मिशा म्हणतात. राखाडी-हिरवी, आत वळलेली पानं आणि प्रत्येकाच्या टोकाला सुई. अनवाणी मुलांना इथे सोडू नका, सुई टाचेत मोडते आणि काढायला त्रास होतो. नर आणि मादी झाडं वेगवेगळी. मादी झाडावर काटेरी किरणांचा मोठा गोल येतो, मुलाच्या डोक्याएवढा. वाळला की सुटतो आणि वाऱ्याबरोबर वाळूवर गडगडत जातो, वाटेत बिया सांडतो, शेवटी कुठेतरी अडकून गाडला जातो. वाळूत गाडलं जाणं सहन करण्यात हे गवत मर्यादवेलीपेक्षाही वरचढ. मर्यादवेल वाळूवर चादर घालते, स्पिनिफेक्स वाळूत खुंट्या ठोकतं. दोन्ही एकत्र असतील तिथली वाळूची टेकडी पावसाळ्यात कमी खचते.

या दोघांच्या मधेमधे आणि मागे बाकीचा शेजार. अबईच्या घेवड्याची किनाऱ्यावरची बहीण तीन-तीन पानांनी ओळखू येते. गुलाबी-जांभळी फुलं, जाडजूड शेंग, मुळांवर नत्राच्या गाठी, म्हणजे फुकट खत देणारी शेजारीण. बी मात्र विषारी, मुलांना तोंडात घालू देऊ नका. लव्हाळ्याच्या घराण्यातलं एक छोटं गवत वाळूतून एका सरळ रेषेत डोकी काढतं, कापडावर धावदोरा घातल्यासारखं. खाली एकच आडवं खोड चाललेलं असतं आणि वर टाके दिसतात. आपल्या शेतातल्या पाथरीच्या भाजीची एक चुलत बहीण इथे पिवळी फुलं घेऊन वाळूला चिकटून पसरते. घोळीसारख्या मांसल पानांची सेसुवियम खाडीच्या तोंडाजवळ, जिथे वाळूत चिखल मिसळतो तिथे जास्त.

त्यामागे झुडपं: निरगुडीची किनाऱ्यावरची जात, वनजाई, आणि केवडा. केवड्याची आधाराची मुळं वाळूची टेकडी खऱ्या अर्थाने बांधून ठेवतात. गौरी-गणपतीला आपण जो केवडा विकत घेतो तो नर झाडाचा तुरा असतो. त्यामागे उंडी आणि भेंड ही झाडं. उंडीच्या बियांचं तेल पूर्वी दिव्याला आणि होड्यांच्या लाकडाला लावायला वापरत. ही मागची रांग थेट पुढे आणून लावली तर खारे तुषार शेंडे जाळतात. पुढच्या बुटक्या पट्ट्याने वारा वर उचललेला असतो म्हणून मागची झाडं उभी राहतात. कारवारच्या किनाऱ्यावरची झुडपं समुद्राकडून तासल्यासारखी तिरपी दिसतात ती त्याच तुषारांमुळे.

सुरूबद्दल स्पष्ट सांगितलेलं बरं. कारवारकडे सुरूची लागवड एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. मूळ घर आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलिया. वारा अडवायला आणि सरपणाला तो चांगला, पण त्याच्या सुयांचा थर जमिनीवर साचला की खाली मर्यादवेल काय, गवतही येत नाही. लाटा पायथ्याशी पोहोचल्या की उथळ मुळांसकट झाड आडवं होतं आणि सोबत वाळूचा ढेकूळ घेऊन जातं. असलेली सुरूची बनं तोडा असं मी म्हणत नाही. भरतीच्या रेषेला लागून नवा सुरू लावू नये, एवढंच.

सहलीत मुलांकडून करून घेण्यासारखी मोजणी सोपी आहे. वीस-तीस मीटरची दोरी, दर मीटरला गाठ. पीव्हीसी नळीच्या चार तुकड्यांची एक मीटर बाय एक मीटर चौकट. दीड-दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या, सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेल्या, शून्य वरच्या टोकाला. दोरी वरच्या झुडपांपासून समुद्राकडे, किनाऱ्याला काटकोनात टाका. दर दोन मीटरला चौकट ठेवून आत कोणती झाडं आहेत आणि किती टक्के वाळू झाकली आहे ते लिहा. उतार मोजायला दोन्ही काठ्या दोन मीटर अंतरावर उभ्या धरा. मागच्या, म्हणजे जमिनीकडच्या काठीशी उभं राहून समुद्राकडच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेषेशी जुळवा. ती नजर जवळच्या काठीवर जिथे कापते तो आकडा म्हणजे दोन मीटरांतला उतार. वाळू समुद्राकडे चढत असेल तर उलट: जवळच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवून लांबच्या काठीवरचा आकडा वाचायचा. ही रीत सागरी भूशास्त्रज्ञ के. ओ. एमरी यांनी 1961 साली मांडली आणि अजून तिच्यापेक्षा स्वस्त काही निघालेलं नाही. चूक होते ती दोन ठिकाणी. काठी मऊ वाळूत खचते, म्हणून खाली चपटं फळकुट ठेवा. आणि धुक्याच्या सकाळी क्षितिज दिसत नाही, तेव्हा गवंड्याची पाण्याची नळी वापरा. त्याच जागी जानेवारीत आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोजलं तर पावसाळ्याने किती वाळू नेली ते कागदावर दिसतं.

आता लागवड. हे स्थानिक ग्रामपंचायत आणि वनखात्याला विचारून, तिथल्या लोकांच्या सोबतीनेच करायचं काम आहे. वाळूच्या टेकड्या 2011 आणि 2019 या दोन्ही सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनांत सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत, तेव्हा परवानगीशिवाय तिथे काही खणणंही योग्य नाही.

वेळ जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलै, म्हणजे रताळ्याचीच. जागा मात्र पावसाळी लाटांच्या सगळ्यात वरच्या रेघेच्या निदान पाच मीटर आत. बहुतेक लागवडी इथेच फसतात: मे महिन्यात समुद्र शांत आणि वाळू रुंद दिसते, म्हणून पुढे लावतात, आणि पहिल्याच मोठ्या उधाणात सगळं जातं. मागे लावलेली वेल ऑक्टोबरनंतर आपण होऊन पुढे सरकते, तिला पुढे नेऊन ठेवावं लागत नाही.

मर्यादवेलीचा तुकडा चाळीस सेंटिमीटरचा, पाच-सहा गाठींचा, पक्व पण लाकडी न झालेला. दाट गादीतूनच घ्या, पाच फांद्यांतली एक, समुद्राकडची टोकं सोडून. तोडलेले तुकडे ओल्या पोत्यात ठेवा आणि त्याच दिवशी लावा. खालच्या तीन गाठींची पानं काढून तो भाग तिरपा, दहा-पंधरा सेंटिमीटर खोल, जिथे वाळू हाताला ओली लागते तिथपर्यंत गाडा आणि पायाने दाबा. शेजारच्या तुकड्यापासून एक मीटर, पुढच्या रांगेत मधोमध. शंभर चौरस मीटरला शंभरेक तुकडे लागतात. स्पिनिफेक्ससाठी मुळं फुटलेल्या गाठींचे तुकडे घ्या आणि वीस सेंटिमीटर खोल लावा. हातमोजे घालूनच.

मर्यादवेल बियांपासून करायची तर तिच्या बोंडात चार बिया असतात, काळपट, मखमली लव असलेल्या. तशाच पेरल्या तर महिनोन्‌महिने पडून राहतात, कारण कवच पाणी घेत नाही. पॉलिश कागदावर एका बाजूने घासा, आतला फिका रंग दिसेपर्यंतच, आणि देठाची खूण असते ती बाजू सोडून. रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेल्या बिया दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासा. समुद्राचं पाणी घालू नका. ही झाडं खारं सोसतात, त्यांना ते हवं असतं असं नाही. पावसाने धुतलेल्या टेकडीच्या वाळूत मीठ फार थोडं असतं, खारटपणाचा खरा मारा येतो तो पानांवर, तुषारांतून.

लाल माती टाकू नका. तिच्यासोबत रानमोडी आणि घाणेरीचं बी येतं, आणि ती झुडपं एकदा बसली की निघत नाहीत. शेणखतानेही तेच होतं, हरळी आणि तण माजतं. रोज पाणी घातलं तर मुळं वरच राहतात आणि नोव्हेंबरात पाणी थांबल्यावर झाड वाळतं. पावसात लावलेल्याला पाणी लागतच नाही. उघडीप आठवड्यापेक्षा लांबली तरच एकदा, खोलवर भिजेल असं द्या.

वाळू अडवायला कुंपण हवं तर माडाच्या झावळ्यांचं, मीटरभर उंच, निम्मं उघडं. पक्की भिंत किंवा पत्र्याचं कुंपण वारा खाली वळवतं आणि पायथा उकरला जातो. झावळ्या अर्धा मीटर गाडा, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात आडव्या होतात. वाट सरळ समुद्राकडे काढू नका. पश्चिमेचा वारा तिच्यातून नळीसारखा घुसतो आणि वाटेचा ओहोळ होतो. वाट तिरपी काढा आणि तिच्यावर झावळ्या अंथरा. गुरं-शेळ्या मर्यादवेलीपेक्षा घेवड्याची बहीण आधी खातात, तिला पहिला पावसाळा-हिवाळा जपावं लागतं.

एका ठिकाणी मात्र कुंपण घालूच नये: जिथे कासवं अंडी घालायला येतात. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग, इकडे सिंधुदुर्ग आणि कारवार-होन्नावरचे काही किनारे. ऑलिव्ह रिडले मादी नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान रात्री भरतीच्या रेषेवर चढते, हातभर खोल खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. पिल्लं दीड-दोन महिन्यांनी बाहेर येतात. सहलीचे दिवसही तेच. नेमक्या त्याच पट्ट्यात शेकोटी पेटवू नका, खुर्च्या-तंबू मांडू नका, लागवडीसाठी खणू नका आणि रात्री समुद्राकडे झोत टाकू नका. पिल्लं उजेडाच्या दिशेने जमिनीकडे वळतात.

लावलेल्या तुकड्यांची पहिली मोजणी दसऱ्याच्या सुमारास करा. शंभरातले साठ-सत्तर जिवंत असतील तर पुन्हा काही लावू नका, गाठी मुळं धरून आहेत की नाही एवढं एक-दोन ठिकाणी हलकेच उचलून बघा. तीसच्या आत असतील तर जागा चुकली आहे. तुकडे वाढवून उपयोग नाही, पुढच्या जूनला रांग आणखी मागे घ्या.